बिनरांगोळीचा सडा

अख्खी पेठ उरकली, तालमीपाठची गल्ली झाली, कुंभारांची आळी झाली, तरी जोतीराम कारकून चिंचेच्या बोळात पाय टाकायला तयार होईना. रोज नवं निमित्त. आज काय तर रंग घट्ट झालाय, उद्या काय तर रजिस्टरची शिवण सुटलीय. पत्र्याचे साचे आणि रंगाचा डबा घेऊन त्याच्या मागं हिंडणारा पिराजी पेंटर शेवटी वैतागला.

"जोतीराव, त्यो बोळ हाय का वाघाची गुहा? बावीस घरं न्हवं ती! दोन तासांत हातावेगळी हुत्यात."

वाघ परवडला, असं जोतीराम मनात म्हणाला, आणि तोंडानं म्हणाला, "उद्या बघू."

साल चौऱ्याहत्तर, उन्हाळ्याचे दिवस. कचेरीत नवा साहेब आला होता. पुण्याचा, वयानं तिशीतला, आणि कामाला असा की त्याच्या टेबलावर चहा गार व्हायचा पण कागद गार व्हायचा नाही. आल्या आल्या त्यानं सगळ्या कारकुनांना पुढ्यात उभं केलं. "तुमच्या गावात पत्ता विचारला तर माणूस काय सांगतो? तालमीच्या पुढं, पिंपळाच्या अंगाला, कुणालाही विचारा! आता आग लागली तर बंबवाल्यानं कुणाला विचारत बसायचं? अडलेल्या बाईकडं नर्स निघाली तर तिनं काय पिंपळ हुडकायचा?" म्हणून मग प्रत्येक दाराला नंबर, सगळे नंबर एका रजिस्टरात, आणि रजिस्टरवरून टाइप करून याद्या. एक नळवाल्यांना, एक बंबवाल्यांना, एक दवाखान्याला. "एवढं ध्यानात ठेवा," साहेब म्हणाला, "यादीतलं घर आपल्याला दिसतं. यादीत नसलेलं घर दिसतच नाही."

मागं उभी असलेली जुनी खोडं गालात हसली. नवा आहे, चार महिन्यांत थंड होईल, असं एकमेकांना खुणावलं. जोतीराम मात्र हसला नाही. साहेबाचं शेवटचं वाक्य त्याच्या छातीत काटा मोडावा तसं मोडलं होतं. ते खरं आहे, हे त्याच्याइतकं त्या कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं.

बासष्ट सालीही अशीच एक घरमोजणी झाली होती. तेव्हा तेलाचा रंग नव्हता, गेरू कालवून आकडे काढायचे. हाच जोतीराम, हाच पिराजी, हाच चिंचेचा बोळ. अकरा नंबर काढून दोघं पुढच्या दारात गेले तर आत सुतक. घरधनी जाऊन चार दिवस झाले होते. मागं राहिलेली बाई, चिमणाबाई, भुंड्या कपाळानं भिंतीला टेकून बसलेली. चार वर्षांची पोरगी तेवढी उंबऱ्यात उभी होती. पिराजीच्या हातातला गेरूचा डबा बघून ती म्हणाली, "आमच्या दारावर बी चित्र काढा की."

पिराजीनं डबा मागं घेतला. "सुतकाच्या दाराला रंग लावायचा न्हाय, जोतीराव. आपल्यात पद्धत न्हाय ती."

यात पिराजीचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. ज्या घरात हळदीकुंकवाची कोयरी झाकून ठेवतात, दारातली रांगोळी बंद करतात, तिथं लाल आकडा कोण काढील? जोतीरामालाही ते पटलं. पण त्याला कचेरीची सवय. दारातून निघताना तो सवयीनं बोलून गेला, "तेराव्यानंतर येतो हं, बाई."

बोलला आणि पिराजीनं जीभ चावली. आता हे काय सांगायला हवं? कुणाच्याही घरून निघताना माणूस 'येतो' म्हणतो, यजमान 'या' म्हणतो. पण मयताच्या घरून उठताना कुणी 'येतो' म्हणत नाही आणि घरचंही कुणी 'या' म्हणत नाही. मुकाट्यानं उठायचं आणि चालू लागायचं. अशा घरी पुन्हा येण्याचं निमित्त कुणाला हवं असतं? चिमणाबाईनं तेवढ्यापुरती मान वर केली आणि जोतीरामाकडं बघितलं.

आणि हा बहाद्दर गेलाच नाही! कारण विचाराल तर काही नाही. दुसऱ्या पेठेचं काम लागलं, मग दुसरं टेबल मिळालं, मग विसरला. अकरानंतरचं ते घर सोडून त्याच्या पुढच्याला बारा नंबर पडला आणि यादी गेली. त्याच यादीवर देवीची लस टोचणारे फिरले. अकरा नंबरच्या पोरांना टोचलं, बारा नंबरच्या पोरांना टोचलं, मधलं दार तसंच राहिलं. सुतकातून उठलेली विधवा बाई, ती कुठं कचेरीत जाऊन भांडणार? गौरीगणपतीच्या सुमारास पोरीला देवी आल्या. पोरगी गेली. पोरीच्या मागोमाग आईही गेली.

हे सगळं जोतीरामाला वर्षानं कळलं, तेही पिराजीकडून, चहाच्या गाड्यावर. त्या दिवशी त्यानं चहा तसाच ठेवला. घरी येऊन दहा वर्षांच्या शालनच्या, आपल्या लेकीच्या, दंडावरची देवीची खूण बघत बसला. बायकोला काही बोलला नाही, कचेरीत काही बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून चिंचेचा बोळ टाळून मोठ्या रस्त्यानं जायला लागला. बारा वर्षं!

पण सरकारी काम टळून टळून किती टळणार? सोमवारी साहेबानं स्वतः विचारलं, "एक बोळ राहिलाय ना?" आणि जावं लागलं.

बोळ तसाच होता. चिंच मात्र तोडलेली. अकरा नंबरला साचा लावून झाला आणि पुढं मोकळी जागा आली. भिंती पडून माती झाली होती, त्यावर तरवड माजला होता. दगडी जोतं आणि काळ्या दगडाचा उंबरा एवढंच शिल्लक. जोतीरामानं तिकडं मान न वळवता पुढच्या धोंडुबाईच्या दाराकडं बोट केलं. "इथं बारा घाल."

पिराजीनं एकदा त्याच्याकडं, एकदा जोत्याकडं बघितलं, आणि मुकाट्यानं साचा लावला. लाल ऑइलपेंट, घासलेटनंही लवकर निघायचा नाही असला. बावीस घरं झाली. रजिस्टरात नंबर, मालकाचं नाव, राहणारी माणसं किती, शेरा, असे रकाने भरले. जोतीरामानं सुटकेचा श्वास सोडला.

मंगळवारी सकाळी धोंडुबाई कचेरीच्या पायरीवर हजर. सत्तरीची म्हातारी, पण आवाज असा की आतले कागद हलावेत. "ओ कारकून! माझ्या दारावरचा आकडा का पुसलासा? मी काय सरकारचं घोडं मारलंय?"

जाऊन बघतात तर खरंच दार कोरं. पुसलं म्हणावं तर डाग हवा, खरवडलं म्हणावं तर ओरखडा हवा. दारावरची जुनी धूळसुद्धा जागच्या जागी होती. अकरा शाबूत, तेरा शाबूत, बारा तेवढा नाही. पिराजीनं पुन्हा घातला. बुधवारी पुन्हा कोरं.

"रंगात भेसळ असंल," जोतीराम म्हणाला.

"रंगात भेसळ असती तर तेरा टिकला असता व्हय?" पिराजी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी तालमीत पाणी पिऊन येतो. तुमी थांबा हितं."

भर दुपार. बोळात चिटपाखरू नव्हतं, सगळी दारं उन्हाला भिऊन लोटलेली. जोतीराम धोंडुबाईच्या वळचणीला उभा राहिला आणि इतका वेळ नाही नाही म्हणत असलेली नजर शेवटी त्या उंबऱ्यावर गेलीच. उंबऱ्यापुढची जमीन ओली होती. नीट, हातानं शिंपडलेला शेणसडा. रांगोळी नव्हती. भोवतीची माती उन्हानं तडकली होती आणि तेवढा चौकोन गार, काळसर, आत्ता घातल्यासारखा.

"सायेब."

उंबऱ्यावर एक बाई उभी होती. डोईवरचा पदर कपाळाखालपर्यंत ओढलेला. तिच्यामागं दार नव्हतं, भिंत नव्हती, नुसता तरवड होता, तरी दाराच्या चौकटीला धरावा तसा तिचा एक हात वर धरलेला होता.

"सायेब, तेरावं झालं की."

जोतीराम मागं भिंतीशी सरकला. अंगावरचा सदरा घामानं भिजला होता, त्यातही काटा आला.

"येतो म्हणालासा. वाट बगतोय आमी."

"कुणासंगं बोलताय ओ?" धोंडुबाईनं दार उघडून विचारलं. जोतीरामानं वळून तिच्याकडं बघितलं आणि परत वळला तेवढ्यात उंबरा मोकळा. सडा तेवढा होता.

"ह्यो सडा कोण घालतं?" त्यानं कसंबसं विचारलं.

धोंडुबाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ठावं न्हाय. रोज असतोय. बारा वरसं झाली, रांगोळी मातुर कदी न्हाय. आमी इचारत न्हाय, तुमीबी इचारू नगासा."

त्या दिवशी जोतीराम घरी गेला तो तापल्यासारखा. घरी शालन बाळंतपणाला आलेली. दिवस भरले होते. आधीचं एक बाळ पोटातच गेलेलं, म्हणून जोतीरामाची बायको हौसाबाई देवासारखी तिच्या उशाशी बसून असायची. त्यात चार दिवसांपासून शालनचे पाय सुजले होते, डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. नव्या योजनेत नर्सबाई यादीवरून घरोघर यायची. सगळ्या गल्लीत येऊन गेली, यांच्याकडं आली नव्हती.

"तुमी कचेरीत असून काय उपेग?" हौसाबाई कडाडली. "शेजारच्या सुनेला दोनदा बघून गेली, आन् आपली पोर अशी तळमळतीया!"

गुरुवारी सकाळी जोतीराम दवाखान्यात गेला. नर्सबाई मोठी कामसू, हसतमुख. तिनं टाइप केलेली यादी काढली, बोट फिरवलं. "तालमीपाठची गल्ली... चाळीस म्हणालात? चाळीस नाही हो. एकोणचाळीसनंतर एकदम एक्केचाळीस आहे."

टायपिस्टाला मनातल्या मनात शिव्या घालत जोतीराम कचेरीत आला आणि रजिस्टर उघडलं. एकोणचाळीस, त्याच्याच अक्षरात. एक्केचाळीस, त्याच्याच अक्षरात. मधली ओळ कोरी. पंधरा दिवसांपूर्वी स्वतःच्या घराचा नंबर त्यानं जरा जास्तच वळणदार काढला होता, पिराजीनं त्यावरून चेष्टाही केली होती. आता तिथं शाईचा ठिपका नव्हता, निबाची चीर नव्हती. त्यानं दौत ओढली, ओळ पुन्हा लिहिली. टिपकागद दाबला, उचलला. टिपकागद कोरा, ओळ कोरी. तिसऱ्यांदा लिहायला त्याचा हात उचलला नाही.

तो तसाच दवाखान्यात परतला आणि नर्सबाईला म्हणाला, "यादी ऱ्हाऊ दे, बाई. माझ्यासंगं चला. मी दार दाखवतो."

बिचारी लगेच निघाली. दोघं गल्लीत आले. एकोणचाळीसच्या सुनेनं हाक मारली म्हणून नर्सबाई घटकाभर तिथं थांबली. मग निघाली ती सरळ चालत एक्केचाळीसच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, मागं," जोतीराम म्हणाला. "ह्ये बघा, ह्ये दार."

नर्सबाई मागं वळली. त्याच्या बोटाच्या रोखानं बघितलं. "कुठलं?"

"ह्ये!"

दारात हौसाबाई उभी होती. हात हलवत होती. "अवो बाई, हितं! या आत!" आतून शालनचं कण्हणं रस्त्यावर ऐकू येत होतं. नर्सबाईची नजर हौसाबाईच्या तोंडावरून फिरली आणि भिंतीवरून फिरावी तशी पुढं गेली.

"इथं तर एकोणचाळीस आहे आणि हे एक्केचाळीस," ती म्हणाली. "तुमचं घर कुठं आहे?"

जोतीरामानं तिचा हात धरून ओढायचं तेवढं बाकी ठेवलं. तीच भ्याली. "तुम्हाला ऊन लागलंय, जरा बसा कुठंतरी," असं म्हणून पिशवी सावरत निघून गेली. त्यानं टांगा थांबवला, टांगेवाल्यानं घोडं एक्केचाळीसपुढं उभं केलं, कुणी दिसेना म्हणून शिवी हासडून पुढं हाकलं. आपल्या दारावर बघितलं तर पिराजीनं साचा लावून काढलेला चाळीसचा आकडाही नव्हता. लाकूड कोरं, धूळसुद्धा जागच्या जागी.

तेव्हा त्याला सगळं समजलं. देवी टोचणारा असाच आला असेल. अकरातून निघून बारात गेला असेल. आणि मधल्या उंबऱ्यावर पोरीला कडेवर घेऊन एक बाई उभी असेल.

तो घरात आला आणि हौसाबाईपुढं मटकन खाली बसला. बारा वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते चार वाक्यांत सांगून टाकलं. हौसाबाई आधी पांढरी पडली आणि मग तिचा तोल सुटला.

"सुतकाच्या घरी 'येतो' म्हणालासा? आन् गेला न्हाईसा? आवो, बोललेलं तरी फेडायचं हुतं! ती माउली बारा वरसं दारात हुबी हाय, आन् तुमी मोठ्या रस्त्यानं फिरताय?" तिनं डोळे पुसले. आत शालनला पहिली मोठी कळ आली होती, ती किंचाळली. "बसताय काय? जावा आदी! माझ्या लेकीवर आलंय ह्ये. जावा!"

जोतीराम निघाला तो पळतच. बावन्न वर्षांचा माणूस, बगलेत रजिस्टर, पायात एकच वहाण, तीही वाटेत कुठंतरी राहिली. पिराजी तालमीच्या कट्ट्यावर होता. जोतीरामाचं तोंड बघूनच त्यानं डबा उचलला. "बाराचा साचा न्हवं?" एवढंच विचारलं.

ऊन कलतं झालं होतं. चिंचेच्या बोळात पोरं खेळत होती, ती ह्या दोघांना बघून आपोआप बाजूला झाली. धोंडुबाई दारात आली, पण ओरडली नाही. सडा ओलाच होता. जोतीराम त्याच्या अलीकडं उभा राहिला, कचेरीत साहेबापुढं उभा राहतो तसा, आणि बोलला. मोठ्यानं बोलला, बोळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"चिमणाबाई, मी जोतीराम. मी येतो म्हणालो आन् आलो न्हाय. इसरलो. दुसरं कायबी कारण न्हाय. तुमची पोर माझ्या इसरण्यानं गेली. तिचं नावसुदीक मी इचारलं न्हवतं. आता आलोय. लई उशीर केला, पर आलोय. माझ्या लेकीला सोडा."

तरवडाचं एक पान हललं नाही. पिराजी गुडघ्यावर बसला, उंबऱ्याच्या दगडावर साचा धरला आणि ब्रश फिरवला. आकडा सरळ उतरला. बारा. दगडावर लाल, ठसठशीत.

"चित्र काढलं बग, बाळ," पिराजी पुटपुटला, आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

जोतीरामानं तिथंच मांडीवर रजिस्टर घेतलं. धोंडुबाईच्या नावापुढचा बारा खोडून 'बारा-अ' केला आणि वरच्या रिकाम्या फटीत लिहिलं. नंबर, बारा. मालक, चिमणाबाई. राहणारी माणसं, या रकान्यापाशी निब अडलं. काय लिहायचं? तो रकाना त्यानं मोकळा ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं, 'बासष्ट सालच्या मोजणीत हे घर सुतक म्हणून सोडले. तेराव्यानंतर येतो असे सांगून गेलो नाही. यादीत नसल्याने लस मिळाली नाही. चूक माझी.' खाली सही केली. कचेरीत अशा जागी 'नजरचुकीने राहिले' असं लिहायचा रिवाज आहे. हातानं सवयीनं 'न' काढलाही होता, तो त्यानं खोडला. शाई वाळली आणि राहिली.

आता निघायचं. दोघांनीही ओठ घट्ट मिटून घेतले. 'येतो' म्हणायचं नाही, काही म्हणायचं नाही, मागं बघायचं नाही. चार पावलं टाकली असतील नसतील.

"या हं, सायेब."

आवाज उंबऱ्यातूनच आला. मऊ, घरातली बाई पाहुण्याला म्हणते तसा. पिराजीच्या हातातला डबा खाली पडला आणि लाल रंग मातीत सांडला. मयताच्या घरचं कुणी 'या' म्हणत नाही. मग हे बोलावणं कुठलं? जोतीराम तसाच थिजून उभा राहिला, आणि धोंडुबाई आपल्या दारातून हळूच म्हणाली, "जावा, कारकून. भिऊ नगासा. सुतक फिटलं तिचं."

घरी पोहोचला तर दारात नर्सबाईची चप्पल. ती आतून बाह्या सारून बाहेर डोकावली आणि त्याच्यावरच डाफरली. "काय हो, चाळीस नंबर हेच ना? एवढा मोठा आकडा दारावर, मला मघाशी कसा दिसला नाही? आणि पोरीचे पाय एवढे सुजलेत, आता सांगताय? टांगा बघा, दवाखान्यात न्यायचंय!" टांगा दारापुढंच थांबला, बरोबर चाळीसपुढं. दिवेलागणीला शालनला मुलगी झाली. अशक्त होती, पण रडली ती सगळ्या वॉर्डाला जागं करील अशी. हौसाबाईनं नातीला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आधी हिच्या टोचण्याचं बगा."

शुक्रवारी साहेबानं रजिस्टर तपासायला घेतलं. मोकळ्या जागेला नंबर बघून त्यानं तांबडी पेन्सिल उचलली, मग शेरा वाचला. दोनदा वाचला. जोतीरामानं नोकरीची आशा सोडली होती, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. साहेबानं पेन्सिल खाली ठेवली. "राहणारी माणसं, हा रकाना रिकामा आहे," तो म्हणाला. "भरून आणा. मग सही करतो."

जोतीराम रजिस्टर घेऊन उठला आणि मोठा रस्ता सोडून सरळ चिंचेच्या बोळात गेला. सकाळची वेळ. बायका धुणी घेऊन निघालेल्या. धोंडुबाई तिच्या दारात बसून उंबऱ्याकडं बघत होती, आणि तिचे डोळे भरलेले होते. तिनं नुसतं बोट केलं.

लाल बारा दगडावर तसाच होता. खाली सडा, रोजच्यासारखा. आणि सड्यावर आज रांगोळी होती. मोठ्या हाताची, सरळ रेघांची, ठिपके मोजून मांडलेली. तिला लागून दुसरी एक. लहान, वेडीवाकडी, एक ठिपका भलतीकडंच गेलेला, एक रेघ मध्येच सोडून दिलेली, आणि कडेला चार चिमुकल्या बोटांनी पीठ ओढल्याची फराटी.

जोतीराम तिथंच बोळात, लोकांदेखत, ढसाढसा रडला. मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसून त्यानं रजिस्टर उघडलं, बाराच्या ओळीत राहणारी माणसं या रकान्यात लिहिलं, 'दोन', आणि सहीला घेऊन गेला.